आधी छर्रा, मग मूठ, पिस्तूल शेवटी

देवळाली म्हटलं की बाहेरच्यांना नाशिकजवळचा तोफखाना आठवतो. आमची देवळाली प्रवरा राहुरी तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली. इथं बंदूक-पिस्तुलाशी कुणाचा फारसा संबंध नाही. तरी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य जिंकलेलं पाहून माझ्या पुतणीनं हट्ट धरला आणि दादानं तिला नवशिक्यांचं साधं एअर पिस्तूल घेऊन दिलं. दांडी उघडून मिटली की एका छर्ऱ्यापुरती हवा भरली जाते, त्या जातीचं. तिचे गुण आधी भराभर वाढले, मग एका जागी अडले. उसाचं बिल जमा झालं तसा दादा म्हणाला, "नवंच घेऊन टाकू का रे? की ह्यालाच काही करून घेऊ?"

मी स्वतः नेमबाजी करतो, पोरांचा सराव घेतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. उत्तर देताना मला दरवेळी एक मुलगा आठवतो. पुतणीच्याच बरोबरीचा. ट्रिगर जड लागतो म्हणून घरच्यांनी पिस्तूल एका कारागिराकडे नेलं आणि त्यानं ट्रिगरची स्प्रिंग कापून आखूड केली. ट्रिगर लोण्यासारखा हलका झाला, घरचे खूश. मग सरावात हात वर उचलतानाच छर्रा सुटायला लागला. एकदा तर समोरच्या फरशीवर आपटून उडाला. बाजूच्या मुलीच्या डोळ्यांवर चष्मा होता हे नशीब. स्पर्धेआधीच्या तपासणीत ते पिस्तूल नापास झालं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम ताण हवा. नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावतात आणि ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं पाहिजे. याचा सुटला. कापलेली स्प्रिंग काही जोडता येत नाही आणि नवी वेळेत मिळाली नाही. पोरगं स्पर्धा न खेळताच घरी आलं. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

म्हणून हत्याराला हात लावायच्या आधी एक परीक्षा घ्या. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून त्यावर हात पक्का टेकवा आणि १० मीटरवरून दहा छर्रे एकाच कागदावर मारा. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. सगळी भोकं तेवढ्यात बसली तर पिस्तुलाचा दोष नाही. गुण हातातून, डोळ्यांतून आणि श्वासातून गळताहेत. पुतणीचं पिस्तूल या परीक्षेत उतरलं. दादाला ते पटायला वेळ लागला, कारण पैसे हातात असले की खर्च हाच उपाय वाटतो.

भोकं पांगली तरी लगेच पिस्तुलाला नावं ठेवू नका. आधी छर्रे बदलून बघा. ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यांमध्येही ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं येतात आणि प्रत्येक नळीला एखादंच माप मानवतं. दोन-तीन जातींचे डबे आणून आधारावरून मारून पाहणं हा सगळ्यात स्वस्त बदल आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित.

त्यानंतर मूठ. साध्या पिस्तुलाची मूठ कुणाच्याच हातासाठी केलेली नसते, आणि शाळकरी मुलीच्या हाताला तर ती हमखास जाड पडते. डोळे मिटून हात नेहमीसारखा वर उचलायचा, क्षणभर थांबून डोळे उघडायचे. नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ बरोबर. ती दरवेळी डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसत असेल, तर मनगट पिळून ती मधे आणावी लागते आणि ६० छर्ऱ्यांच्या सामन्यात ७५ मिनिटं तो पीळ टिकत नाही. आम्ही पुतणीच्या तळहाताला खडूची पूड लावली आणि तिला मूठ धरायला लावली. अंगठ्याच्या बुडाशी पांढरा डाग गच्च उमटला होता, तळव्याच्या मध्यात काहीच नव्हतं. डाग होता तिथलं लाकूड कानशीनं थोडं थोडं उतरवलं, पोकळीत एम-सील भरलं, ते ओलं असतानाच तिनं हातावर पातळ प्लॅस्टिक घेऊन मूठ धरली आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारला. असं दोन-चारदा करावं लागतं, पण माशी मधे यायला लागली. फक्त नियम सांभाळा: मूठ मनगटाला आधार देता कामा नये आणि तळव्याखालची फळी वर वळलेली चालत नाही.

ट्रिगर कापायचा नसतो, लावायचा असतो. बऱ्याच पिस्तुलांना त्यासाठी स्क्रू असतात. काटा ५०० च्या जरा वर, ५१०-५२० वर ठेवा. सामन्यानंतरही तपासणी होते आणि तिथं कमी भरलं तर खेळाडू बाद होतो. लेझर किंवा दुर्बिणीवर एक रुपयाही घालवू नका. या प्रकारात उघडी माशीच चालते. ते पैसे डोळे तपासायला वापरा.

"जोर वाढवून देतो" म्हणणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा. ऑलिंपिकचं पिस्तूलसुद्धा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं सोडतं, म्हणजे सहा ज्यूलच्या आतच. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ. ४.५ मिलिमीटर नळी आणि २० ज्यूल या मर्यादेपलीकडे गेलात, तर प्रकरण शस्त्र परवान्यावर जातं.

मग नवं घ्यायचं कधी? मूठ बसली, ट्रिगर लागला, छर्रे ठरले, पोर हंगामभर नियमित सराव करतंय आणि तरीही आधारावरून मारलेली भोकं दहाच्या वर्तुळाबाहेर जाताहेत, तेव्हा जरूर घ्या. कंजूषपणा नको. पॅरिसला तुर्कीचा युसुफ डिकेच साध्या चष्म्यानिशी, एक हात खिशात घालून रौप्य जिंकला म्हणून लोक त्याचं उदाहरण देतात. पण त्याच्या दुसऱ्या हातात अव्वल दर्जाचं मॅच पिस्तूल होतं.

ही वरची पिस्तुलं बहुतेक सिलिंडरवर चालतात, २०० बारपर्यंत हवा भरून. आमच्यासारख्या गावात ती भरणार कुठं, हे आधी ठरवा. हातपंपानं भरता येते, पण दमट हवेचं पाणी आत जातं, म्हणून ओलावा शोषणारा फिल्टर लागतो. जोडांना कुठलंही यंत्राचं तेल लावू नका. त्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर धोक्याचा असतो आणि तपासणीत अडतो, नवा सिलिंडर धरून सौद्याची किंमत काढा. बिल आणि पिस्तुलाचा क्रमांक जुळवून घ्या.

आणि दुरुस्ती कुठं होते तेही विचारा. २०२१ मध्ये टोकियोला पात्रता फेरी चालू असताना मनूचं पिस्तूल बिघडलं, ते नीट करण्यात तिची मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. आपल्याला बिघाडासाठी पुण्याची वाट धरावी लागते. म्हणून पुतणीचं जुनं पिस्तूल विकायचं नाही, असं दादाला मी आत्ताच सांगून ठेवलंय. नवं आलं तरी ते सामन्याच्या पेटीत बरोबर जाईल, तिच्याच हाताची मूठ लावलेलं.