शिट्टी वाजल्यावर

चि. सोन्या,


वहिनीचा फोन आला होता. पुण्यात नळस्टॉपला तुझं पोलिसाशी वाजलं, त्याने गाडीची चावी काढून घेतली, तू आवाज चढवलास, मित्राने व्हिडिओ काढला, बघे जमले आणि एवढं होऊन शेवटी पावती झालीच. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा." माझं तू ऐकशीलच अशी काही माझी खात्री नाही. पण नोकरीची बरीच वर्षं मी शहर वाहतूक शाखेत काढली. पांढरा शर्ट घालून चौकात उभ्या असलेल्या माणसाला हा प्रसंग कसा दिसतो, हे तुला सांगणारं घरात दुसरं कोणी नाही. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करून मोकळा होतोस, म्हणून लिहून पाठवते.

बरोबर कोण होतं याचा निवाडा मी करत नाही. चावी ओढून घेणं चूकच. पोलिसाला तसा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. पण चूक कोणाची हे चौकात ठरत नसतं. त्याला पावती आहे, तक्रार अर्ज आहे, न्यायालय आहे. चौकात आपलं काम एवढंच, की तू, तो पोलीस आणि मागून येणारी पीएमपी बस यांच्यात कोणाला खरचटल्याशिवाय प्रकरण कागदावर जावं. कागदावर गेलं की तुझी बाजू मांडायला जागा मिळते. रस्त्यावर आवाज चढवून ती मिळत नाही.

शिट्टी ऐकू आली किंवा हात दिसला की पहिली गडबड इथेच होते. मुलं एकतर करकचून ब्रेक दाबतात, नाहीतर पळायला बघतात. उलट्या दिशेने गाडी वळवून पळणारी पोरं मी डोळ्यांसमोर टेम्पोखाली जाता जाता वाचलेली पाहिली आहेत, तीही पाचशे-हजार रुपयांच्या दंडापायी. तू इंडिकेटर दे, आरशात बघ, डावीकडे घे आणि वाहत्या रस्त्यातून बाहेर येऊन थांब. तो म्हणतो तिथे उभं राहायला जागा नसेल तर हाताने पुढची जागा दाखव आणि सावकाश तिकडे जा. थांबलास की इंजिन बंद कर, गाडी स्टँडला लाव आणि चावी स्वतःच काढून खिशात ठेव. चावी हँडलला लटकत असेल आणि इंजिन गुरगुरत असेल तर समोरच्याला एकच वाटतं, हा पळणार. चावी ओढायचे निम्मे प्रकार तिथून सुरू होतात. मग हेल्मेट काढ, कानातलं काढ, तोंडाला रुमाल असेल तर तोही खाली घे. माणसाला माणसाचा चेहरा दिसू दे.

रात्रीच्या नाकाबंदीत तर हे फारच महत्त्वाचं. सोनसाखळी चोर बहुतेक वेळा दुचाकीवरून येतात. एक चालवतो, मागचा हिसका मारतो. तोंड झाकलेलं, नंबर प्लेट वाकवलेली किंवा चिखलाने भरलेली. आता तू तुझ्या मित्राला मागे बसवून रात्री साडेबाराला चांदणी चौकातून येतोस, तेव्हा बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या हवालदाराला काय दिसतं याचा विचार कर. वायरलेसवर अर्ध्या तासापूर्वी त्याला असंच काहीतरी वर्णन ऐकवलेलं असू शकतं. तुला ठाऊक आहे तू कोण आहेस, त्याला ठाऊक नाही. त्याच्या आवाजातली निम्मी धार त्या न ठाऊक असण्याची असते. म्हणून हात त्याला दिसतील असे ठेव. पाकीट, बॅग किंवा डिकी उघडण्याआधी सांग, "साहेब, लायसन पाकिटात आहे, काढतो." एवढ्या एका वाक्याने समोरचा माणूस किती सैल होतो ते मी स्वतः अनुभवलं आहे.

नळस्टॉपच्या त्या पोलिसाने तुला "ए, थांब" म्हटलं, "कुठला रे तू?" म्हटलं, आणि त्यात तुझी एमएच ११ ची पाटी बघून "साताऱ्याचं पाखरू" की काय म्हटलं. वहिनीच्या सांगण्यावरून तुझं डोकं फिरलं ते याच्यावर, दंडावर नाही. मला ते कळतं. आमच्या खात्यातल्या अनेकांच्या जिभेला लगाम नाही, आणि पोरगं बाहेरगावचं दिसलं की तो आणखी सुटतो. याचं समर्थन मी नोकरीत असताना केलं नाही, आताही करणार नाही. पण "अरे"ला "का रे" केलंस की त्याच्यापुढे माघार घ्यायचा रस्ता उरत नाही. भोवती बघे असतात, जवळ त्याचा सहकारी उभा असतो आणि मग दोघांचीही अब्रू पणाला लागते. तू "तुम्ही" सोडू नकोस. तो "अरे" म्हणाला तरी तू "हो साहेब, काय चुकलं माझं?" असंच विचार. दहातले सातजण त्यानंतर खालच्या पट्टीत येतात. उरलेले तीन येणार नाहीत, पण त्यांच्याविरुद्ध अर्ज करायची वेळ आली तर तुझ्या तोंडून वावगा शब्द गेलेला नाही, हेच कामाला येईल.

मागे बसलेल्या मित्राला एकच काम दे, गप्प बसायचं. मी पाहिलेली बहुतेक भांडणं चालवणाऱ्याने पेटवलेली नव्हती, मागच्याने पेटवली होती. त्याला लायसनची चिंता नसते, त्यामुळे त्याला कायदा फार आठवतो.

आता त्या कायद्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की हवालदाराला लायसन मागायचा अधिकारच नाही. साफ खोटं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की चालकाने लायसन दाखवलंच पाहिजे. गणवेश मात्र हवा, आणि त्यावरची नावाची पट्टी वाचून लक्षात ठेवायचा तुला पूर्ण अधिकार आहे. जागेवर तडजोड शुल्क घेऊन गुन्हा मिटवायचा अधिकार कोणत्या हुद्द्याला, हा वेगळा प्रश्न. ते कलम २०० खाली राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं. "तुम्ही किती स्टारचे?" असं विचारून ते चौकात ठरवायला जाऊ नकोस. त्या प्रश्नाने आजवर कोणाची पावती वाचलेली नाही.

कागद मोबाइलवर दाखवलेले चालतात. पण डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅप उघडून दाखवायचे. बाबांनी पाठवलेला आरसी बुकाचा फोटो म्हणजे कागद नव्हे. नेट नसतं तेव्हा हीच गंमत होते, म्हणून लायसनचं कार्ड पाकिटात ठेवच. आणि पोलिसाने लायसन जप्त केलं तर कलम २०६ प्रमाणे त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते. ती पोच जवळ असेल तर लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते. ती मागून घे. गाडीच अडकवून ठेवली तरी लेखी पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

दारूबद्दल तुला सांगायची वेळ येऊ नये, तरी सांगते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ते चौकात मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. आणि फुंकायला नकार देणं ही हुशारी नाही. योग्य कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे कोर्टात तुझ्याच विरोधात धरता येतो.

सगळ्यांत जास्त जपायचं ते हाताला. तू पोलिसाचा हात झटकलास, चावीसाठी झोंबलास, कॉलरजवळ हात गेला, किंवा रागात क्लच सुटून पुढचं चाक त्याच्या पायाला लागलं, तर पाचशे रुपयांचं प्रकरण त्या क्षणी फौजदारी होतं. ज्याला सगळे अजून "तीनशे त्रेपन्न" म्हणतात ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ झालं आहे. कर्तव्यावर असलेल्या सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. तुझा कॉलेजचा कॅम्पस इंटरव्ह्यू, पासपोर्टची पडताळणी, सगळ्याच्या मध्ये ते येऊन बसेल. धक्का आधी कोणी दिला हे सिद्ध करता करता तुझी दोन वर्षं जातील. चावी घेतली ना? घेऊ दे. हात मागे घे आणि म्हण, "साहेब, चावी तुमच्याकडे आहे. जी कारवाई असेल ती करा, मी इथेच उभा आहे." मग नाव, वेळ आणि चौक लक्षात ठेव.

व्हिडिओचं म्हणशील तर रस्त्यावर उघड चाललेल्या कारवाईचं चित्रण करायला सरसकट बंदी नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाणंसुद्धा शासकीय गुपिते कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही असं सांगितलं. पण तुझ्या मित्राने केलं तसं फोन नाकासमोर नाचवून, वर "व्हायरल करतो बघा" असं म्हणू नये. त्याला पुरावा म्हणत नाहीत, धमकी म्हणतात. फोन छातीशी धर, गप्प राहा आणि मूळ फाइल कापाकापी न करता जपून ठेव. तीच फाइल अर्जाला जोडायची असते. तासाभरात इन्स्टाग्रामवर गाणं लावून टाकलेल्या व्हिडिओकडे तपासणारा अधिकारी वेगळ्या नजरेने बघतो.

आता पैशांचं. "साहेब, इथेच मिटवा ना काहीतरी" हे वाक्य पोलिसाच्या आधी तुम्ही पोरंच उच्चारता, हे मी खात्रीने सांगते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवायचं, तरच सूट. त्याने मागितली तर भांडायचं नाही, एवढंच म्हणायचं, "ऑनलाइन चलन करा साहेब, मी भरतो." ई-चलन जागेवर भरलंच पाहिजे असं नसतं. तरीही तो हट्ट धरून बसला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

आणि ओळखी सांगू नकोस. नगरसेवक नको, आमदाराचा पीए नको, आणि "माझी आत्या ट्रॅफिकला होती" हे तर अजिबात नको. ते ऐकलं की समोरच्याला वाटतं, याच्याकडे कागद नाहीत. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच शिकवलं होतं.

शिवीगाळ झाली, कानाखाली बसली, तर तिथे पुरुषार्थ दाखवायचा नाही. मार बसला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्यायची. मग त्याच दिवशी वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांच्या नावे अर्ज, पोच घेऊन. त्याने भागलं नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. ठाण्यात चल म्हणाला तर "अटक आहे का, कशासाठी?" एवढं शांतपणे विचार, घरी फोन कर आणि जा. अटकेचं कारण सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुझ्या ताईलाही हे वाचायला दे. तिला सांग की अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

एवढं सगळं लिहिलं, पण तुझी गाडी अशी की पोलिसाने थांबवावीच. सायलेन्सर बदललेला, पाटीवरच्या आकड्यांतून "दादा" वाचता येईल अशी अक्षरं, आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं. इकडे हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीसुद्धा आहे, पुणेकरांना सक्ती म्हटली की श्वासाचीही नको असते. पण कलम १२९ पुण्यालाही लागू आहे, मागे बसणाऱ्यालाही. हेल्मेट नसेल तर कलम १९४ ड खाली दंडाबरोबर तीन महिने लायसनवर गदा येऊ शकते. आधी ते तीन दोष काढ, तुला थांबवणारे हात निम्मे कमी होतील.

गाडी अजून दादाच्या नावावर आहे आणि आरटीओच्या नोंदीत मोबाइलही त्याचाच. म्हणजे तुझ्या प्रत्येक चलनाचा मेसेज त्याला जातो आणि तो वाचत नाही. महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून जुनी चलनं बघ. त्यातल्या फोटोत गाडी तुझी नसेल तर तिथेच तक्रार नोंदव, आणि तुझी असेल तर भरून टाक. पीयूसीची मुदतही त्याच बैठकीत तपास. हे या रविवारी कर आणि मला स्क्रीनशॉट पाठव.

तुझी,
आत्या