गोदीला दार कशाला?

प्रश्न : मी उरणचा. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने नेहमी जाणं-येणं असतं. मोठी ओहोटी असली की गाळामुळे लाँचच्या फेऱ्या बंद ठेवतात. शाळेत मात्र ‘मुंबई हे उत्तम नैसर्गिक बंदर’ असं आम्ही घोकलं होतं. एवढ्या उथळ पाण्याचं बंदर उत्तम कसं? आणि इंदिरा गोदीला म्हणे दरवाजे आहेत. ते कशासाठी?
– एक वाचक, उरण

उत्तर : शाळेतलं वाक्य खरंच आहे, पण अर्धंच. बंदराला खोलीच्या आधी आडोसा लागतो, आणि तो इथे मुंबई बेटानंच दिला आहे. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर लाटा धडका देत असतात, तेव्हा बेटाच्या पाठीमागे माझगावपाशी पाणी त्या मानानं निवांत असतं. पण निवांत पाण्यात गाळ बसतो. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, पाताळगंगा, अंबा या सगळ्यांची माती या आडोशाला येऊन तळाशी जाते. आडोसा आणि गाळ एकाच कारणाची दोन फळं आहेत. एक हवं तर दुसरं पदरात घ्यावंच लागतं. मधोमध जहाजांची खोल वाट आहे, पण दोन्ही काठांना चिखल. घारापुरीचा धक्का एवढा लांब का, की त्यावर छोटी आगगाडी चालवावी लागते? लाँचला पुरेल एवढं पाणी तिथवर गेल्याशिवाय मिळतच नाही म्हणून.

त्यात भर भरती-ओहोटीची. मोठ्या उधाणाला इथलं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, तेही दिवसातून दोनदा. गलबतांना आणि पडावांना त्याचं काही वाटत नसे. ओहोटीला चिखलात टेकायचं, माल उतरवायचा, भरती आली की तरंगायचं. आगबोटीला हे जमणारं नव्हतं. भरलेलं लोखंडी जहाज चिखलात बसलं की त्याच्या सांगाड्यावर नको तिथे ताण येतो. म्हणून मोठी जहाजं मध्ये नांगर टाकत आणि माल पडावांतून काठाला येई. वेळ जाई, चोरी होई, कापसाच्या गाठी भिजत.

आता दरवाजांकडे येऊ. समुद्राचं पाणी उतरायचं थांबवता येत नसेल, तर थोडं पाणी कोंडून ठेवावं, हा त्यामागचा साधा विचार. काठाला मोठा हौद खणायचा, भरतीला तो भरू द्यायचा आणि पाणी उतरायच्या आत दार लावून घ्यायचं. बाहेर चिखल उघडा पडला तरी आत जहाज तरंगतंच. १८७५ साली ससून गोदी या पद्धतीनं बांधली गेली. १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आली, तिच्यापाठोपाठ व्हिक्टोरिया. पण एकाच दाराची अडचण अशी, की आत-बाहेर पाणी सारखं होईल तेव्हाच ते उघडता येतं, म्हणजे भरतीच्या आसपासच. तोवर जहाजं बाहेर खोळंबून.

१९१४ साली उघडलेल्या अलेक्झांड्रा गोदीत, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीत, त्यावर तोड काढली. तिच्या तोंडाशी सुमारे २२९ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद अशी एक कोठडी आहे. जहाज समुद्राकडच्या दारानं कोठडीत शिरतं, मागचं दार लागतं. मग कोठडीत पाणी सोडून ते गोदीच्या पातळीला आणतात. जहाज जागच्या जागी हळूहळू वर चढतं आणि मग आतलं दार उघडतं. बाहेर पडताना उलटा क्रम. (ही गोदी खणताना निघालेल्या दगडमातीनं शेजारचा समुद्र भरून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. आता तिथल्या इमारतींत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.)

माझ्या मते तिच्या काळातलं हे मुंबईतलं सर्वांत हुशारीचं बांधकाम. पण १९१४ ला जी रुंदी ऐसपैस होती, तीच पुढे आड आली. पनामा कालव्याच्या जुन्या मापाची जहाजंसुद्धा ३२ मीटरच्या वर रुंद असतात. ती या दारातून आत येणार कशी? कंटेनरची जहाजं तर त्याहून अवाढव्य. मुंबईच्या काठाला पसरायला जागाही उरली नव्हती. म्हणून १९८९ पासून तुमच्याच उरण तालुक्यात, न्हावा-शेव्याला नवं बंदर सुरू झालं. तिथे दारं नाहीत, कारण जहाजांची वाट आणि धक्क्यासमोरचा तळ ड्रेजर लावून खोल केला आहे. म्हणजे गाळाशी भांडण तिथेही आहेच, आणि ते कायमचं आहे. उपसलं की पुन्हा भरतं. मोऱ्याच्या जेटीचंही तेच. एकदा गाळ काढून भागत नाही.

जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या आता बुजवून टाकल्या आहेत. आणि तेलाची मोठी जहाजं गोदीच्या वाटेला जातच नाहीत. घारापुरीजवळच्या जवाहर द्वीपाशी लागून ती तिथेच तेल उतरवतात. पुढे समुद्राखालच्या नळांतून ते तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जातं.