शेततळ्याच्या कागदापासून परसातल्या तलावापर्यंत

मे महिन्यात आटपाडी, जत, माण, खटावच्या रस्त्यानं गेलात तर डाळिंब-द्राक्षांच्या बागांशेजारी शेततळी चमकताना दिसतात. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगावी तळी वाढली. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं आवर्तन सुटलं की तळं भरून घ्यायचं आणि त्यावर बाग जगवायची. तळं खोदतो पोकलेनवाला, पण त्यात पाणी टिकवतात ती कागद टाकणारी चार-पाच पोरं. तळ्याच्या प्लॅस्टिकला आपल्याकडे कागदच म्हणतात.

दहावी-बारावीनंतर काय, असं विचारत येणाऱ्या पालकांना मी या पोरांचं काम एकदा बघून यायला सांगतो. याच हातांना पुढची पायरी चढता येते. ती म्हणजे परसात किंवा फार्महाऊसवर छोटा, परवडणारा पोहण्याचा तलाव बसवून देण्याचा धंदा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. वाई, पाचगणी, कोयनेकडे मुक्कामाला येणारं कुटुंब आधी विचारतं, “मुलांना पाण्यात खेळायची सोय आहे का?” लाखो रुपयांचा काँक्रीटचा तलाव प्रत्येक शेतकऱ्याला झेपत नाही. विटांची किंवा लोखंडी चौकटीची भिंत, आत लायनर, एक पंप आणि एक फिल्टर, एवढ्यात त्याचं काम भागतं.

मात्र सुरुवात शेततळ्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. तिथे चूक झाली तर ती लगेच दिसते आणि उस्ताद जागेवरच सांगतो. खडा राहिलेल्या तळावर कागद अंथरला की पाण्याच्या वजनानं तो फाटतो. एक मीटर खोल पाणी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार टाकतं. भर दुपारी कागद उन्हानं फुगतो, म्हणून जाणती पोरं जॉइंट सकाळी लवकर मारतात, थंड झाल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघतात आणि कडा चरात दाबून वर माती ठोकतात. रोलवरचा आयएस १५३५१ हा मानक क्रमांक आणि ५०० मायक्रॉन जाडी वाचून माल घ्यायची सवयही इथेच लागते. पोहण्याच्या तलावाला मात्र हा कडक कागद चालत नाही, त्याला घड्या पडतात. तिथे मऊ पीव्हीसीचा लायनर लागतो आणि तो जोडायची पद्धतही वेगळी असते.

आता हिशेब बघा. २० फूट लांब, १० फूट रुंद, ४ फूट खोल तलाव म्हणजे ८०० घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साडेबावीस हजार लिटरहून थोडं जास्त पाणी, म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर भरूनही थोडं कमीच पडतं. लायनर किती? लांबीत दोन्ही भिंतींचे ८ फूट आणि कडेला दाबायला दोन-दोन फूट मिळवले की ३२ फूट होतात. रुंदीत तसेच २२. एकूण ७०४ चौरस फूट. नवखा मुलगा तळाचे २०० चौरस फूट आणि थोडं वर धरून दर सांगून मोकळा होतो आणि पहिल्याच कामात हात पोळून घेतो. दहावीचं गणित इथे रोज लागतं, हे मुलांना जरूर सांगा. काठाची पातळी गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं चारही कोपऱ्यांत तपासायची. दोन इंचांचा फरक कोरड्या खड्ड्यात कळत नाही, पाणी भरलं की उठून दिसतो.

जमीनही ओळखता यायला हवी. माण-खटावचा मुरूम खड्डा धरून ठेवतो. वाळवा, पलूस, मिरजेची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय २०१९ आणि २०२१ चा महापूर कृष्णाकाठानं पाहिला आहे. जिथे भूजल वर येतं, तिथे रिकामा तलाव खालून उचलला जातो, म्हणून अशा ठिकाणी जमिनीवर उभा राहणारा तलावच सुचवावा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

दुष्काळी तालुक्यात पोहायला पाणी? हा प्रश्न रास्त आहे आणि धंदा करणाऱ्यानं त्याचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे. फिल्टर नीट चालला तर तेच पाणी महिनोन्‌महिने टिकतं. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर वाफ धरली तर वरच्या मापाच्या तलावातून दिवसाला दीडशे लिटर उडतात, म्हणून झाकण दरातच धरावं. टँकरवर पिणाऱ्या गावात मात्र असं काम घेऊच नये.

सगळ्यात जास्त मला काळजी वाटते ती जिवाची. शेततळ्याचा कागद ओला झाला की शेवाळासारखा निसरडा होतो. पोहता येणाऱ्यालाही उतारावरून वर चढता येत नाही आणि असे बुडून गेलेले जीव आपल्या जिल्ह्यांनी पाहिले आहेत. काठाला बांधलेले दोर, तरंगती ट्यूब, कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक हे सगळं दरपत्रकात आधीच लिहावं. गिऱ्हाईक ते वगळा म्हणालं तर काम सोडून द्यावं. पंपाला नीट अर्थिंग आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. क्लोरीन आणि आम्ल कधी एकत्र ठेवू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, ही तपासणी शिकायला दोन दिवस पुरतात.

पैशाचं म्हणाल तर यंत्रं आधी भाड्यानं घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पावसाळ्यात नवं काम जवळपास बंद असतं, म्हणून बसवलेल्या प्रत्येक तलावाचा देखभाल करार करून घ्यावा. घर चालतं ते त्यावर.

पालकांची खरी अडचण वेगळी असते. “शिकून खड्डेच खणायचे का?”, “लग्न कसं जमणार?” त्यांना मी सांगतो, याच खानापूर-आटपाडीच्या माणसांनी सोनं-चांदी गाळण्याचं एक कसब हाती धरलं आणि गलाईच्या धंद्यात देशभर बस्तान बसवलं. शिक्षण सोडा असं मी म्हणत नाही. आयटीआयचा प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा आहे, सिव्हिलचा डिप्लोमा केला तर आणखी चांगलं. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात ‘कमवा आणि शिका’ मी वेगळं काय सांगणार?

या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला पंधरा दिवस एखाद्या ओळखीच्या कागदवाल्यासोबत पाठवा. पहिल्या दिवशी स्वतः जाऊन काम बघून या. बरोबर टोपी, पाण्याची बाटली आणि मोजायचा टेप द्या. पोहता येत नसेल, तर त्याआधी पोहायला शिकवा.