वेळेशेजारी गाव लिहावं

आबांचा जन्म 1943 चा, अमळनेरचाच. परवा त्यांची पत्रिका नव्यानं मांडताना जोशीबुवांनी कागदावरच्या वेळेतून आधी एक तास वजा केला, तेव्हा तू बघतच राहिलास. बाळा, दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 देशातली घड्याळं तासभर पुढे होती. मग बुवांनी आणखी अर्धा तास काढला. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपलं गाव पंचाहत्तराजवळ. सूर्य आपल्याकडे तीसेक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वेळेशेजारी ‘अमळनेर’ लिहिलेलं होतं, म्हणून हे हिशेब जमले.

प्रोग्राम लिहिताना तू हेच कर. नुसतं ‘आयएसटी’ लिहू नकोस, आयर्लंड आणि इस्रायलवालेही तेच लिहितात. ‘+5:30’ हा नुसता फरक झाला, त्यावरून गाव कळत नाही. ‘एशिया/कोलकाता’ लिही. त्या नावामागच्या कोष्टकात युद्धातला तो ताससुद्धा नोंदलेला आहे.

घडून गेलेलं यूटीसीत खुशाल साठव. पुढे ठरलेली भेट मात्र तशी ठेवू नकोस. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेसहा. मी एकदा साडेसात पक्के करून ठेवले होते. मार्चात आम्ही सगळे तासभर उशिरा पोचलो. समोरची माणसं वाट पाहून उठून गेली होती. फार लागलं ते मनाला. तेव्हा ‘सकाळी 9, अमेरिका/न्यूयॉर्क’ एवढंच साठव आणि आपली वेळ आयत्या वेळी काढ. कोष्टकही ताजं ठेवत जा, सरकारं नियम बदलतात. अमेरिकेनं 2007 पासून या तारखाच बदलल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे रात्रीचा दीड दोनदा वाजतो, मार्चात अडीच वाजतच नाहीत. बिलं काढायचं काम त्या तासात लावू नकोस.

आणि जन्मतारखेला वेळ चिकटवू नकोस. 15 ऑगस्ट, रात्रीचे 00:00, हे यूटीसीत नेलं की 14 ऑगस्ट, 18:30 होतं, अन् पोराचा वाढदिवस पडद्यावर आदल्या दिवशी दिसतो. आपण ग्रिनिचच्या पूर्वेला, म्हणून आपल्याकडे ही चूक फार.

काम झालं की संगणकाचं घड्याळ न्यूयॉर्कचं लावून सगळं एकदा चालवून बघ. मार्चातला तो रविवार घाल. आबांची 1943 ची वेळही घाल.