ढाळ शेवटाकडून मोज

देवळाली प्रवरा, ता. राहुरी

चि. भाच्यास,

वस्तीवरच्या घराचं पाईपचं काम तू एकट्यानं अंगावर घेतलंस, हे ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. तू पाठवलेला चरीचा फोटो मात्र मी तीनदा पाहिला. पाईप संडासापासून सुरू केलायस आणि ढाळ नजरेनं धरलायस. माती लोटली नसशील, तर थांब.

आधी सेप्टिक टाकीपाशी जा. पाईप टाकीत शिरणार ती उंची पक्की कर आणि तिथून मागे मोजत संडासापर्यंत ये. 4 इंची पाईपला 40 फुटांत 1 फूट, म्हणजे 10 फुटांना 3 इंच. तुझी लाईन 30 फुटांची, तिला 9 इंच हवेत. तेवढे मिळत नसतील तर संडास उचलायचा की टाकी खाली घ्यायची, हे मालकाला आज विचारता येईल. फरशी बसल्यावर विचारायला तोंड राहत नाही. आणि उगाच जास्त ढाळही देऊ नकोस. तो खोली खातो, मग शेवटचं चेंबर टाकीच्या तोंडाखाली जातं.

ढाळ एवढा का लागतो, ते कालव्याकडे बघून कळतं. ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचा कालवा नुसत्या ढाळावर पाणी आणतो, तोही अगदी हलक्या. पण कालव्यात गाळ साचला तर माणसं उतरून उपसतात. फरशीखालच्या पाईपात कोण उतरणार? तिथं पाण्यानंच स्वतःची वाट साफ ठेवायची असते. त्यासाठी त्याला सेकंदाला पाऊण मीटर तरी धावावं लागतं. वेग त्याखाली गेला की मैला तळाशी बसू लागतो.

6 इंची पाईपला 60 फुटांत 1 फूट पुरतो, हे ऐकून कुणी ढाळ वाचवायला जाड पाईप सुचवील. ऐकू नकोस. एका घराचं पाणी त्यात पातळ पसरतं, आणि मैला वाहून न्यायला पाण्याची खोलीच उरत नाही. मोरीच्या आणि बेसिनच्या बारीक पाईपला फुटाला पाव इंच दे.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात ढाळ बरोबर होता, तरी मी चुकलो. पाईप थेट काळ्या मातीवर टेकवला. उन्हाळ्यात माती भेगाळली, पावसाळ्यात फुगली, आणि पाईप मधोमध खचून त्याला पोट आलं. त्या घरच्या आजी रोज मोरीतलं तुंबलेलं पाणी बादलीनं बाहेर टाकत होत्या आणि मला बोलावायला संकोचत होत्या. ते कळलं तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही. पुढे स्वखर्चानं चर उकरून दिली. म्हणून सांगतो, खाली मुरूम टाक, चोपून घे, पाईप सबंध लांबीत टेकू दे. नुसत्या सॉकेटखाली विटा ठेवून तो अधांतरी सोडू नकोस.

सॉकेटचं तोंड पाणी येतं त्या बाजूला ठेव. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन घे. ढाळ मोजायच्या लेव्हल पाईपमधला बुडबुडा आधी काढ. तो राहिला तर दोन टोकांचं पाणी खोटं बोलतं.

रविवारी सकाळी मी येतो. तोवर चर उघडी ठेव आणि दोन बादल्या पाणी भरून ठेव.

तुझा,
मामा