भाषेची चाळण आणि सर्वांची शाळा

माध्यमिक शाळेचे दार सर्वांना खुले असणे ही एक गोष्ट आणि आत आलेले प्रत्येक मूल शेवटपर्यंत शिकणे ही दुसरी. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत झाले. परंतु अकराव्या वर्षाच्या सुमारास घेतल्या जाणाऱ्या परीक्षेवरून मुलांची विभागणी होऊ लागली. थोडी मुले ‘ग्रामर’ शाळेत जात. बहुसंख्यांच्या वाट्याला कमी प्रतिष्ठेची शाळा येई. १९६५ साली तेथील सरकारने परिपत्रक काढून स्थानिक अधिकाऱ्यांकडून सर्वसमावेशक शाळांच्या योजना मागविल्या. परिसरातील मुलांनी निवड-परीक्षेविना एकाच शाळेत शिकावे, हे या शाळांचे तत्त्व होय. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसरशाळेची कल्पना मांडली, तिचा आशयही हाच होता.

तेलंगणातील आदिलाबाद परिसरात मुले वेगळी पाडणारी चाळण भाषेची आहे. येथील गोंड घरात गोंडी बोलतात, कोलाम कोलामी बोलतात, बंजारा मुलांची भाषा आणखी निराळी. गोंडांच्या कथा गोंडीत गाणाऱ्या परधानांची घरची बोली मात्र मराठी आहे. बाजारात मराठी, तेलुगू व उर्दू यांचा वावर असतो. अशा एका वर्गात शिक्षक एकाच भाषेत बोलू लागला की काही मुले पहिल्याच दिवशी मागे पडतात.

या प्रश्नाचे एक उत्तर याच भूमीत शोधले गेले होते. १९४० साली कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा संघर्ष पोलिसांच्या गोळीबाराने दडपला गेला व त्यात भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. साक्षर गोंड फारच थोडे होते; म्हणून ज्यांना मराठीची जुजबी अक्षरओळख होती अशा तरुणांपासून आरंभ करण्यात आला. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. त्यामुळे मूल आधी स्वतःच्या भाषेत वाचू लागे आणि तीच अक्षरे पुढे मराठीसाठी उपयोगी पडत. पुढे इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले सेतु माधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असताना गोंडी आत्मसात केली व त्या भाषेचे व्याकरण लिहिले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले, उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि तेथील आदिवासी शाळांत तेलुगूला प्राधान्य मिळाले. एकाच समाजाची मुले सीमेच्या अलीकडे मराठीतून व पलीकडे मुख्यतः तेलुगूतून शिकू लागली. गोंडी मात्र दोन्हीकडे शाळेबाहेर राहिली. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मारलवाई आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. गुंजाळा येथे आढळलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. लिपी संगणकावर आली; ती वर्गात येण्यासाठी मात्र शिक्षकच लागतो.

संविधानाचा अनुच्छेद ३५०-क अल्पसंख्य भाषिक गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी सांगतो. माध्यमिक स्तराविषयी तो काही सांगत नाही. नेमक्या याच टप्प्यावर विज्ञान, गणित व इतिहास यांची परिभाषा वाढते आणि भाषेत अडखळणारे मूल बुद्धीने मंद ठरविले जाते.

म्हणून सर्वसमावेशक म्हणविणाऱ्या शाळेने काही साध्या गोष्टी आवर्जून कराव्यात. प्रवेशाच्या वेळी मुलाची घरची भाषा नोंदवावी. पहिले काही आठवडे सेतुपाठांना द्यावेत. विषयातील नेहमीच्या शब्दांचे गोंडी, मराठी व तेलुगू तक्ते भिंतीवर लावावेत; ते तयार करताना गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांचे साहाय्य घ्यावे. मुलाला तोंडी उत्तर प्रथम स्वतःच्या बोलीत देऊ द्यावे व मगच शाळेच्या भाषेत मांडण्यास सांगावे. मुलामुलींचे गट पाडताना एका भाषेची सर्व मुले एका कोपऱ्यात बसणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. मारलवाईच्या केंद्राने मोजक्या अर्धशिक्षित तरुणांच्या बळावर कार्य आरंभिले होते. मुलाला जे येते तेथून शिकविण्यास सुरुवात करावी, हा त्या प्रयोगाचा धडा माध्यमिक शाळेलाही तितकाच लागू पडतो.