सुट्या पैशांतलं तिरकं नाणं

प्रश्न (वाशी, नवी मुंबई): भाजीवाल्याने दिलेल्या पाच रुपयांच्या नाण्यावरचा आकडा एका कडेला सरकलाय. ही टांकसाळीची चूक, की कुणी ठोकलंय?

उत्तर: चकती ठशांच्या मधोमध न बसता छाप पडली, तर दोन्ही बाजूंची नक्षी नाण्याच्या एकाच कडेला तुटते आणि समोरची कड कोरी राहते. हातोडीने किंवा रुळावर ठेवून चेपलेल्या नाण्यावर मात्र अक्षरं पसरतात, ओरखडे दिसतात. बरीचशी ‘दुर्मिळ’ नाणी इथेच बाद होतात.

दुसरी चाचणी सोपी. नाणं वरून-खालून चिमटीत धरून फिरवावं; सिंहमुद्रेमागचा आकडाही सरळच दिसायला हवा. तिरका दिसला, तर ठसा फिरलेला.

सालाखालची चौकट ही चूक नव्हे! ती मुंबई टांकसाळीची खूण. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याला खूणच नाही.

नाणं घासून चकचकीत करू नये, संग्राहक नाक मुरडतात. आणि रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून ‘लाखो मिळतील, आधी शुल्क भरा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यावा. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.